स्थायी वारंट, चरित्र सत्यापन आणि विकून आणलेली मुलगी: इंदूरमध्ये कुणाला यातली माहिती आहे?

रामबागकर (धागा सुरू केला)

नमस्कार मंडळी. मी इथे रोज वाचते, लिहिते क्वचित. आज मदत हवी आहे. लांबण लागेल, पण कृपया शेवटपर्यंत वाचा.

माझा रामबागेत डब्यांचा उद्योग आहे. पोळ्यांना एक मुलगी आहे, चार वर्षं झाली. आता चोवीस वर्षांची आहे. तिचं नाव लिहीत नाही. मुलींच्या एका होस्टेलच्या मेसमध्ये तिला पक्की नोकरी मिळत होती, वर राहायला खोली. त्यांनी पोलिसांचं चरित्र सत्यापन मागितलं. अर्ज मीच ऑनलाइन भरला. आठ दिवसांनी थान्यातून फोन: "मॅडम, ही तुमच्याकडेच काम करते ना? हिच्यावर दुसऱ्या जिल्ह्याचं स्थायी वारंट आहे. रेकॉर्डला फरार दाखवतंय."

मी फोन ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं. ती पोळी लाटत होती. तिने लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, "काकू, मी सांगणारच होते."

तिने जे सांगितलं ते असं. खानदेशातल्या एका पाड्यावरची. आई गेलेली, बाप ऊसतोडीला. २०१७ च्या दिवाळीनंतर एक बाई आली. इंदूरकडे चांगलं स्थळ आहे, हुंडा नको, उलट खर्च तेच करतील, असं सांगून काकाच्या हातात चाळीस हजार ठेवून तिला घेऊन आली. माळव्यातल्या एका गावात देवळात लग्न लागलं आणि नोटरीच्या स्टॅम्पपेपरवर अंगठा घेतला. सही येत असून अंगठा! चौथ्या दिवशी तीच बाई मावशी बनून दागिन्यांसकट माहेरपणाला म्हणून घेऊन गेली. दागिने काढून घेतले, एका खोलीत कोंडलं, मारलं आणि दहा-बारा दिवसांनी दुसऱ्या घरात दुसरं लग्न लावलं. ती सांगते, मेंदी काढणारीने विचारलं होतं, "आधीची अजून गेली नाही का?" जुन्या मेंदीवरच नवी काढली.

दुसऱ्या वेळी बस स्टँडवर सासरच्या लोकांनी पकडलं. मावशी आणि बरोबरचा माणूस गर्दीत निसटले. सापडली ती एकटी. कलम ४२० आणि ३४, म्हणजे फसवणूक आणि ती इतरांशी मिळून केली असा आरोप. त्रेचाळीस दिवस जेलमध्ये, मोठ्या बायकांच्या बराकीत. मग कुणीतरी जमानत घेतली आणि त्याच लोकांनी तिला बाहेरून उचलून राजस्थानात नेलं. पेशीला, म्हणजे कोर्टाच्या तारखेला, कोण जाणार? म्हणून वारंट. २०२० मध्ये लॉकडाऊनच्या गोंधळात ती तिथून निसटली.

माझे प्रश्न: हिच्यावरचा हा डाग निघू शकतो का? थान्यात नेलं तर अटक करतील का? आणि मी आजवर तिला कामावर ठेवलं, त्याचा काही त्रास? (शेवटचा प्रश्न सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे, पण घरचे विचारताहेत.)

---

काळा_कोट

ताई, आधी एक काम करा. तुम्ही पाड्याचं आणि माळव्यातल्या गावाचं नाव लिहिलंय, ते ताबडतोब काढा. ज्यांनी तिला आणलं त्यांनाही वाचता येतं.

मी इंदूर खंडपीठात वकिली करतो. क्रमाने सांगतो.

थान्यात नेऊ नका. वारंट न्यायालयाने काढलंय आणि न्यायालयच ते निरस्त (रद्द) करतं. तोवर ते जिवंतच राहतं, वर्षं कितीही उलटोत. पोलिसांनी धरून हजर करणं आणि तिने वकिलासह स्वतः हजर होणं यात न्यायाधीशांच्या नजरेला मोठा फरक दिसतो. वकिलाची फी हा प्रश्न नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत वकिलाचा हक्क दिला आहे. त्यात स्त्रिया येतात आणि मानवी तस्करीचे बळी हे स्वतंत्रपणे नमूद आहेत. जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात जा, नाहीतर १५१०० वर फोन करा.

तुमच्यावर काही नाही. तुम्हाला ठाऊक नव्हतं.

आता माझे दोन प्रश्न, उत्तरं लागलीच हवीत.

एक, तिची जन्मतारीख काय? आधार कार्डावरची नको, शाळेतली. २०१७ मध्ये ती अठराच्या आत होती का?

दोन, जमानत कोणी घेतली? फाइलमध्ये जमानतपत्र असेल, त्यावर जामीनदाराचं नाव, पत्ता आणि ऋण पुस्तिकेचा (जमिनीच्या पासबुकाचा) नंबर असतो. जो माणूस पाड्यावरच्या अनोळखी पोरीसाठी आपली जमीन लिहून देतो, तो का देतो, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. प्रकरणाची पूर्ण नक्कल काढा.

---

रामबागकर

नावं काढली, आभार. जन्मतारीख १ जून २००१ असल्याचं ती सांगते. दाखला हातात नाही, शाळा सातवीनंतर सुटली.

---

काळा_कोट

मग घटनेच्या वेळी ती साडेसोळा वर्षांची होती आणि तिला प्रौढांच्या जेलमध्ये ठेवलं. ताई, सगळं चित्र बदललं. दाखला मिळवा. एफआयआरमध्ये वय काय लिहिलंय तेही बघा. रात्री सविस्तर लिहितो.

---

देवासवाला

कुणाला राग येईल असं मला लिहायचं नाही, पण दुसरी बाजूही मांडतो. माझ्या मावसभावाचं असंच झालं. शेती थोडी, वय पस्तीस, मुलगी कोणी देईना. दलालाला एक लाख साठ हजार दिले, म्हैस विकून. सहाव्या दिवशी बायको गायब. घरातले दागिने गेले ते गेलेच, गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही. त्याच्या आईने अंथरूण धरलं. उद्या सगळ्याच म्हणू लागल्या की आम्हाला जबरदस्तीने आणलं, तर अशा घरांनी जायचं कुठे?

---

रामबागकर

देवासवाला भाऊ, तुमच्या मावशीचं ऐकून वाईट वाटलं आणि ते खरं दुःख आहे. पण एक सांगा, ते एक लाख साठ हजार कोणी मोजून घेतले? तो माणूस सापडला का?

---

देवासवाला

नाही. एफआयआरमध्ये त्याचं नावही दिलं होतं. चालानमध्ये, म्हणजे आरोपपत्रात, आलं नाही.

---

रामबागकर

आमच्याही तसंच आहे. तिच्या प्रकरणात मावशी "अज्ञात महिला" आहे आणि तिच्याबरोबरचा "अज्ञात पुरुष". जी हातात सापडली तिच्यावर चालान पेश झालं आणि तपास संपला. तुमच्या भावाचे पैसे आणि आमच्या मुलीची तीन वर्षं एकाच माणसाच्या खिशात गेलीत, असं मला वाटतं.

---

निवृत्त_मुंशी

मी चौतीस वर्षं मध्य प्रदेश पोलिसात होतो, त्यातली बरीचशी थान्याच्या लिखापढीत. आता सुदामानगरला असतो. तुमचा धागा दोनदा वाचला.

वय कसं लिहिलं जातं ते सांगतो. रात्रीची वेळ, समोर रडणारी पोरगी, तिची भाषा अर्धी कळतेय, तक्रार करणारी वीस माणसं बाहेर उभी. विचारायचं, वय किती? ती घाबरून काहीच बोलत नाही. मग बरोबरचा कुणी म्हणतो, बीस की होगी. लिहिलं, "उम्र लगभग २० वर्ष". साडी, मंगळसूत्र आणि टिकली असली की पोरगी मोठीच दिसते. मी स्वतः असं लिहिलंय. तेव्हा थांबून शाळेचा कागद मागवला असता तर किती जणींचं आयुष्य वेगळं झालं असतं, हे आता मनातून जात नाही.

कामाच्या दोन गोष्टी. स्थायी वारंटचं रजिस्टर थान्यात वेगळं असतं. न्यायालयाने वारंट निरस्त केलं की आदेश आपोआप तिथे पोहोचेल असं धरून बसू नका. प्रमाणित नक्कल घेऊन स्वतः जा, आवक नंबर घ्या. प्रकरण पूर्ण निकाली निघाल्यावर निकालाची नक्कल जिल्हा अपराध अभिलेख ब्युरोत द्या, म्हणजे सीसीटीएनएसच्या, पोलिसांच्या देशभरच्या नोंदींच्या, संगणकात नोंद दुरुस्त होईल. निर्दोष सुटून दहा वर्षं झालेल्यांचीही सत्यापनात "प्रकरण दर्ज" एवढीच नोंद येते, निकाल येत नाही, असं मी पाहिलंय.

आणि त्या थान्यात भाषेची अडचण आली तर मला कळवा, मी बरोबर येईन.

---

काळा_कोट

मुंशीसाहेब, तुम्ही लिहिलंत ते लिहायला धाडस लागतं. नमस्कार.

आता कायदा. प्रकरण २०१७ चं आहे, म्हणून भारतीय दंड संहिताच लागू. पण आपल्या कामाचा आहे तो किशोर न्याय अधिनियम २०१५.

कलम ९: मी घटनेच्या वेळी अल्पवयीन होते, हा मुद्दा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, अगदी निकाल लागून गेल्यावरही मांडता येतो. आज ती चोवीसची आहे याने अडत नाही. वय सिद्ध झालं की दंडाधिकाऱ्याने प्रकरण किशोर न्याय मंडळाकडे पाठवायचं.

कलम ९४: वय ठरवताना पहिला मान शाळेच्या जन्मतारखेच्या दाखल्याला किंवा दहावीच्या प्रमाणपत्राला. ते नसेल तरच नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. "लगभग" या शब्दाला त्यात कुठेही जागा नाही.

कलम २४: मंडळाने प्रकरण हाताळलं की त्या नोंदीमुळे मुलाला कसलीही अपात्रता लागत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर दोषसिद्धीच्या नोंदी नष्ट करायच्या. अपवाद आहे तो सोळाच्या वरच्या मुलावर अत्यंत गंभीर गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालला तर. ४२० त्यात बसत नाही.

आणि कलम ७४, जे अर्ध्या थान्यांना माहीत नसतं: प्रकरण प्रलंबित असो, बंद असो किंवा निकाली निघालेलं असो, पोलिसांनी मुलाची कसलीही नोंद चरित्र प्रमाणपत्रासाठी उघड करायची नाही. ताई, तुमच्या होस्टेलचं उत्तर या कलमात आहे, पण त्यासाठी आधी ती घटनेच्या वेळी अल्पवयीन होती हे ठरायला हवं.

याच्याबरोबर दुसरा अर्ज जाईल: ती या प्रकरणात पीडित आहे. दंड संहितेच्या कलम ३७० मध्ये तस्करीची व्याख्या आहे आणि पीडितेची संमती होती का, हा प्रश्न तिथे गौण आहे. अल्पवयीन मुलीची तस्करी असेल तर किमान दहा वर्षं. बालविवाह प्रतिबंध अधिनियम २००६ च्या कलम १२ प्रमाणे फूस लावून किंवा विकून लावलेलं अल्पवयीन मुलीचं लग्न मुळातच रद्दबातल. म्हणजे ती दोन्ही "लग्नं" कायद्याच्या दृष्टीने झालीच नाहीत.

एक जड गोष्ट. वय सोळा ठरलं की त्या घरांमधल्या पुरुषांवरही पॉक्सोचा, म्हणजे बाललैंगिक अत्याचाराच्या कायद्याचा, प्रश्न उभा राहतो. हे तिला आधी एकांतात समजावून सांगा. ती कुठपर्यंत जायला तयार आहे, हे तिने ठरवायचं. आपण तिचे कैवारी होऊन तिच्या वतीने ठरवलं तर मावशीत आणि आपल्यात फरक कमी होतो.

---

हडसनकाठची

मी मूळची इंदूरची, लोकमान्यनगरची. आता न्यूयॉर्कमध्ये असते आणि शनिवारी एका कायदा मदत केंद्रात दुभाष्याचं काम करते. इथली पद्धत सांगते, कारण तुलना केल्याशिवाय आपल्याकडे काय नाही ते कळत नाही.

न्यूयॉर्कने २०१० मध्ये कायदा केला, अमेरिकेतला तो पहिला. तस्करीमुळे वेश्याव्यवसायाच्या आरोपात शिक्षा झाली असेल, तर ती शिक्षाच न्यायालयाकडून रद्द करून घेता येते. म्हणजे माफी नव्हे. माफीत गुन्हा राहतो, शिक्षा जाते. इथे दोषी ठरवणंच मागे घेतलं जातं. पण लवकरच लक्षात आलं की ज्यांना या धंद्यात ढकललं जातं त्यांच्याकडून चोरी, अमली पदार्थ वाहून नेणं, खोटी कागदपत्रं, सगळंच करून घेतलं जातं. म्हणून २०२१ मध्ये कायदा वाढवून तस्करीचा परिणाम म्हणून घडलेल्या इतर गुन्ह्यांनाही तो लावला. सरकारी यंत्रणेने पीडित असल्याचं पत्र दिलं असेल तर न्यायालय ते गृहीत धरतं, पण पत्र असलंच पाहिजे अशी अट नाही. ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्या बाईने पोलिसांना घाबरत वर्षं काढली तिच्याकडे पोलिसांचं पत्र कुठून येणार?

मी भाषांतर केलेल्या एका बाईने आदेश हातात आल्यावर मला फक्त एवढंच विचारलं होतं, "आता फॉर्मवर 'नाही' लिहिलं तर ते खोटं नाही ना?"

२००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यात स्पष्ट आहे: तस्करीचा थेट परिणाम म्हणून झालेल्या कृत्यांसाठी पीडितांना अटक करू नये, खटला भरू नये. भारताने २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा तस्करीविरोधी पालेर्मो करार मान्य केला. मग आपल्याकडे असा कायदा का नाही?

---

काळा_कोट

येता येता राहिला. २०१८ चं मानवी तस्करीविरोधी विधेयक जुलैमध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत आलंच नाही आणि २०१९ मध्ये लोकसभेबरोबर संपलं. त्यात पीडितांना संरक्षण देणारं कलम होतं, पण फक्त मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आणि जिवाची किंवा इजेची भीती दाखवता आली तरच. म्हणजे तिच्याकडून खून करवला असता तर संरक्षण मागता आलं असतं, दागिने नेववले तर नाही. ४२० ला सातच वर्षं. ते विधेयक जसंच्या तसं आलं असतं तरी आपल्या मुलीच्या उपयोगाचं नव्हतं, आणि पुन्हा आणायचं झालं तर ही दुरुस्ती पहिली व्हायला हवी.

---

सयाजीगंज

वडोदऱ्याहून लिहितोय. आमच्या सोसायटीत धुणीभांडी करणारी एक बाई, बंगालमधून लहानपणी आणलेली. २०१४ मध्ये एका छाप्यात पकडली गेली. वकिलाने सांगितलं, कबूल कर, पाचशे दंड भर, संध्याकाळी घरी जा. तिने केलं. आता मुलाच्या शाळेत मदतनीस म्हणून लागायचं म्हटलं तर तोच कागद आडवा येतो. तेव्हा ती बावीस वर्षांची होती, म्हणजे किशोर कायदा लागणार नाही. तिला काही मार्ग?

---

काळा_कोट

मार्ग आहे, पण चढाचा. हे अनैतिक व्यापार प्रतिबंध अधिनियम १९५६ चं कलम ८ असणार, सार्वजनिक ठिकाणी ग्राहकाला बोलावणं. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशेपर्यंत दंड. गंमत अशी वाटते की दंड भरून सुटका झाली, पण कबुली हाच खरा फास. गुन्हा कबूल केला की दोषसिद्धीवर अपील होत नाही, शिक्षा कायदेशीर आहे का आणि किती आहे एवढ्यावरच होतं. त्यामुळे उशीर माफ करण्याच्या अर्जासह पुनरीक्षण (वरच्या न्यायालयाकडून निकालाची फेरतपासणी), किंवा थेट अहमदाबादला उच्च न्यायालयात अंगभूत अधिकाराखाली याचिका. मांडणी अशी करायची की कबुली समजून-उमजून दिलेली नव्हती, तिला तिच्या भाषेत आरोप सांगितला गेला नव्हता आणि ती तस्करीची पीडित आहे हे कुणी तपासलंच नाही.

सोबत दोन आधार जोडा. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये म्हटलं की या कायद्यात वेश्याव्यवसाय हा स्वतःच गुन्हा नाही आणि तो करते म्हणून स्त्रीला शिक्षा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात छाप्यांमध्ये अशा स्त्रियांना अटक, दंड किंवा छळ करू नये असं सांगितलं.

आणि तोवर नोकरीच्या फॉर्मवर काही लपवू नका. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की नोकरीसाठी दिलेली माहिती खरीच हवी. खरं सांगितलं तर नोकरी देणाऱ्याला प्रकरणाचं स्वरूप बघावं लागतं. लपवलेलं सापडलं तर तेच काढून टाकायला पुरेसं ठरू शकतं.

---

खानदेशी_पोर

रामबागकर ताई, मी शिरपूरकडचा, जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. तुम्ही मला खाजगीत गाव कळवा. दाखला मी काढून देतो. जनरल रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याने घ्या, नुसता शाळा सोडल्याचा दाखला पुरणार नाही. एक आधीच सांगतो, आमच्याकडे निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जूनच असतो, गुरुजींनी अंदाजाने लिहिलेला. समोरचा वकील हे उचलणार.

---

काळा_कोट

उचलू दे. पहिलीत प्रवेशाच्या वेळी, भांडणाच्या कितीतरी वर्षं आधी लिहिलेली नोंद आहे. तेव्हा कोणी तिला वाचवण्यासाठी तारीख बदलली नव्हती. फक्त रजिस्टर घेऊन मुख्याध्यापकांना साक्षीला यावं लागेल.

---

रामबागकर

सव्वा महिन्याने लिहितेय, माफ करा. काय झालं ते सांगते.

उतारा आला. रजिस्टरच्या पानाची छायाप्रत आहे. तिचं नाव, तिच्या आईचं नाव, जात, आणि खाली शाईने अक्षरी: "एक जून दोन हजार एक". तिने तो कागद हातात धरला आणि आईच्या नावावरून बोट फिरवत राहिली. तारखेकडे तिचं लक्षच नव्हतं.

नक्कलही मिळाली. एफआयआरमध्ये "उम्र लगभग २१ वर्ष". जमानतपत्रावर ज्याची ऋण पुस्तिका आहे त्याचं नाव ऐकताच ती म्हणाली, "हाच गाडी चालवायचा." आठ वर्षं ते नाव सरकारी फाइलमध्ये पडून होतं.

पॉक्सोचं मी तिला एकटीला सांगितलं, वकीलसाहेबांनी सांगितलं तसं. दोन दिवस ती बोलली नाही. मग म्हणाली, पहिल्या घरातली सासू चांगली होती, तिने मला चहा करून दिला होता. मला त्यांच्याशी भांडायचं नाही, मला मावशी हवीय. प्राधिकरणाने दिलेल्या वकीलबाईंनाही तिने हेच सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि काय हातात आहे, काय नाही, हे तिला स्वच्छ सांगितलं.

सोमवारी हजर झालो. मुंशीकाका बरोबर होते, सकाळी सहाच्या बसने आले. वकीलबाईंनी वारंट निरस्तीचा आणि वयाचा असे दोन्ही अर्ज लावले. बारा ते चार बाकावर बसलो. ती दर थोड्या वेळाने दाराकडे बघायची. संध्याकाळी जमानत मिळाली, वयाची चौकशी होऊन प्रकरण मंडळाकडे पाठवण्यासाठी तारीख लागली, मुख्याध्यापकांना समन्स निघालं. जमानत मी घेतली, माझी एफडी लावून. सही करण्याआधी तिने सगळा कागद वाचायला मागितला. बाबू म्हणाले, वेळ होतोय. ती म्हणाली, "मागच्या वेळी वाचला नव्हता." मग मी मोठ्याने वाचून दाखवला, माझं नाव, माझा पत्ता, सगळं. या वेळी तिने अंगठा दिला नाही, सही केली.

वारंट निरस्त झाल्याची नक्कल काकांनी स्वतः थान्यात दिली आणि आवक नंबर घेतला. होस्टेलवाल्या बाईंना मी सगळं खरं सांगितलं. त्या मंडळाच्या आदेशापर्यंत थांबायला तयार आहेत.

---

देवासवाला

ताई, त्या जामीनदाराचं नाव वकीलबाईंना विचारून मला खाजगीत कळवता येईल का? माझ्या भावाच्या एफआयआरमधला दलाल त्याच तहसीलचा होता. नाव तेच निघालं तर भाऊ जबाब द्यायला तयार आहे. मुलीच्या बाजूने.

---

रामबागकर

भाऊ, उद्याच विचारते. तिलाही विचारते.

---

खानदेशी_पोर

मुख्याध्यापक सरांची रजा मंजूर झाली. मूळ रजिस्टर कापडात बांधून घेऊन येतील, ते पिशवीत टाकायला तयार नाहीत. आदल्या रात्रीच्या बसने निघतील, पहाटे पोहोचतील. इंदूर त्यांनी पाहिलेलं नाही. घ्यायला कोणी येईल का?

---

रामबागकर

बस कुठे उतरवते तेवढं कळवा. मी येते. ती पण येणार म्हणतेय, सरांनी तिला चौथीत शिकवलंय.